दोन दिडके तीन

तंजावर
बुधवार, २ जुलै २०२५

कनकलता,

मंगळवार, १० जून २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. इस्पितळाचा पहिला मजला, अपंगत्व मंडळाची खोली. तक्रार लिहिताना आधी तारीख, मग वेळ, मग जागा, असं सिस्टर बर्नाडेटनं आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलं होतं. विशेषणं शेवटी, आणि उरलीच तर. माझ्याकडे पुष्कळ उरली आहेत. आशीर्वादही उरले आहेत, पण ते या वेळी राखून ठेवते.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. इंग्रजी मला जास्त सोपी, तुलाही. पण बंगळूरला तुझ्या घरात तुझ्याशिवाय कोणाला देवनागरी वाचता येत नाही, आणि यातलं काही तुझ्या लेकीनं, नंदितानं वाचावं असं मला आज तरी वाटत नाही. आजोबांनी तुम्हा भावंडांना, आणि लग्नानंतर मलाही, पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. त्याचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

त्या दिवशी मंडळातल्या कारकुनानं ऐन वेळी तुझ्या भावाच्या आधारकार्डाची आणखी एक झेरॉक्स मागितली, म्हणून मी खाली गेले. तुला म्हटलं, "कनका, अण्णांजवळ बस, कोणी काही विचारलं तर वहिनी येते म्हण." एवढंच काम होतं तुला. मी परत आले तेव्हा दार अर्धं उघडं होतं आणि आतून तुम्हा दोघांचे आवाज येत होते.

"दोन दिडके तीन," तुझे अण्णा म्हणाले.

"तीन दिडके साडेचार," तू म्हणालीस.

"चार दिडके सहा."

"पाच दिडके साडेसात."

तुझे डोळे मिटलेले होते आणि तू हसत होतीस. समोर तीन डॉक्टर कौतुकानं बघत होते. त्यांच्यातला जाड चष्म्याचा तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, तुमच्या भाषेत हे छान बोलतात की! समजतं का त्यांना सगळं?"

तू डोळे उघडलेस. आधी डॉक्टरकडे नाही बघितलंस, दाराकडे बघितलंस. माझ्या मागे भरद्वाज उभे होते, त्याच इस्पितळाच्या कचेरीतले, नंदिताला सांगून आलेल्या मुलाचे मामा. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "आमा डॉक्टर, नल्ला पेशुवार." होय डॉक्टर, छान बोलतात. मग पुढे सरकवलेल्या कागदावर सही केलीस. मी आत येऊन तोंड उघडेपर्यंत पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं.

निकाल आला आहे. 'उजवा हात निकामी. वाचा: मातृभाषेत संभाषण सुरळीत, बहिणीशी बोलताना पाहिले, बहिणीने पुष्टी दिली.' चाळीस टक्क्यांच्या खाली. म्हणजे अपंगत्वाचं कार्ड नाही. हात धरला आणि जीभ सोडली.

संभाषण! दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या झटक्यानं तुझ्या भावाची तमिळ नेली, इंग्रजी नेली, मराठी नेली, माझं नाव नेलं. ठेवली फक्त दिडकी, दीडाचा पाढा. पाणी हवं असलं तरी दोन दिडके तीन, पोटात दुखलं तरी दोन दिडके तीन. वेल्लोरहून आलेल्या वाचातज्ज्ञ मुलीनं मला समजावून सांगितलं होतं की लहानपणी घोकलेलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं, ते आपोआप बाहेर पडतं, त्याला बोलणं म्हणायचं नाही. हे मी तुला सांगितलं होतं, तुला ते माहीत होतं.

आता तुला राग येईल म्हणून आधीच लिहिते. मला कळतं ते कसं झालं. दिवे लागले की आजोबा तुम्हा दोघांना दारच्या ओट्यावर, तिण्णैवर बसवायचे, एक ओळ त्यानं म्हणायची, पुढची तू. ओळ अधांतरी राहिली तर जेवण नाही. साठ वर्षांनी भावानं ओळ टाकली आणि तुझ्या तोंडून पुढची निघाली. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. तुझ्या "आमा"बद्दल बोलते आहे.

अपील केलं आहे. सुनावणी २४ जुलैला, कलेक्टर कचेरीत. ती दिडकी होती, बोलणं नव्हतं, एवढं तू लिहून, सही करून पाठवायचं. मला ऑगस्टमध्ये वेल्लोरला थोडं काम आहे, काही आठवडे लागतील. पापनाशमच्या रस्त्यावर जे निवासी केंद्र आहे ते तेवढ्या दिवसांसाठी यांना ठेवून घ्यायला तयार आहे, पण कार्ड असल्याशिवाय नाही. आम्हाला मूल नाही हे तुला सांगायला नको.

कामाक्षीवहिनी


तंजावर
सोमवार, १४ जुलै २०२५

कनकलता,

मी लेखी मागितलं होतं, तू फोन केलास. फोनवर तू काय म्हणालीस ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मी ऐकलं नाही असं व्हायला नको.

"वैनी, लग्नाचा निश्चय पुढच्या आठवड्यावर आलाय गे. त्यांना आम्ही सांगितलंय, अण्णाला नुसतं हाताचं दुखणं. आता मीच लिहून दिलं की तो बोलत नाही, नुसतं पाढे म्हणतो, तर मामा काय म्हणतील? यांच्या घराण्यात डोक्याचं आहे म्हणतील. आपल्या लोकांत मुलगे उरलेत कुठं? बत्तीस झाली गे नंदिता."

मी म्हटलं, मेंदूतली नस तुटणं हे घराण्यातून येत नाही.

तू म्हणालीस, "ते तुला कॉन्व्हेंटात शिकवलं. त्यांना कोण शिकवणार?"

आणि मग रडलीस. म्हणालीस, "वैनी, खरं सांगू, मला तो बोलतोय असंच वाटलं. त्याचा आवाज तसाच आहे गे."

त्यावर मी फोन ठेवला. आवाज तसाच आहे हे मलाही रोज ऐकू येतं.

आता माझी बातमी. शुक्रवारी दुपारी मला जरा भोवळल्यासारखं झालं म्हणून मी आडवी झाले. उठले तर दार उघडं, तुझे अण्णा नाहीत. गल्ली बघितली, देऊळ बघितलं, कालव्याच्या काठानं धावले. कालव्याला पाणी सुटलेलं आहे, कनका. मी पाण्याकडे बघत होते आणि त्यांचा पांढरा शर्ट शोधत होते. मला ओरडताही येईना. काय म्हणून हाक मारणार? 'अहो'ला कोण ओ देतं? त्यांनी ऐकलं असतं तरी उत्तर काय दिलं असतं?

ते पापनाशमला सापडले. बसमध्ये चढले होते. कंडक्टरनं विचारलं कुठे जायचं, यांनी दिडकी सुरू केली. बसमधल्या लोकांना वाटलं प्यायलाय. कोणी तरी उतरवताना ढकललं, गुडघा फुटला आहे. मग पोलीसचौकी. तिथल्या शिपायानं ठरवलं की हा उत्तरेकडचा मजूर आहे, चुकलेला. हिंदी कळणारा म्हणून एका मिठाईवाल्याला बोलावलं, तो म्हणाला ही हिंदी नाही. साडेतीनशे वर्षं झाली आपल्या लोकांना या मातीत येऊन. या माणसानं सबंध आयुष्य पाटबंधारे खात्यात याच कालव्यांची मापं घेत काढलं आणि त्याला विचारतात, तुझं राज्य कोणतं.

वाचवलं कोणी, तर शर्टाच्या कॉलरीनं. आत शिंप्याची चिठ्ठी शिवलेली होती, मणी टेलर्स, तंजावर. शिपायानं तिथे फोन लावला. यांची मापं मणी गेली तीस वर्षं घेतो आहे, त्यानं फोनवरूनच ओळखलं. "पांढरा शर्ट, डावा खांदा जरा खाली? अहो, ते आमचे सूर्यनारायणराव सार!"

रिक्षातून परत आणताना यांनी माझं मनगट डाव्या हातानं इतकं घट्ट धरलं की वळ उठले. घर दिसलं तेव्हा म्हणाले, "दोन दिडके तीन." मी म्हटलं, "हो, आलं घर."

त्या दिवसापासून दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात घालते. कार्ड असतं तर गळ्यात ते घातलं असतं, नाव, पत्ता, वाचा नाही असं लिहिलेलं. तुझ्या त्या एका "आमा"मुळे माझ्या नवऱ्याची ओळख शिंप्याच्या चिठ्ठीवर येऊन ठेपली आहे.

सुनावणीच्या आधी तुझं पत्र मला मिळालं पाहिजे.

कामाक्षी


तंजावर
शुक्रवार, २५ जुलै २०२५

कनकलता,

काल सुनावणी झाली. तुझं पत्र आलं नव्हतं.

तुझ्या भावाला मी इस्त्रीचा शर्ट घातला नाही. मणीनं सांगितलं होतं, "अम्मा, चुरगळलेलाच घाला. इस्त्री केली की त्यांना वाटतं माणूस ठीक आहे." मी त्याला म्हटलं, मी यांना भिकारी करून नेणार नाही. मग सकाळी इस्त्री तापवली आणि परत बंद केली. असं नेऊन उभं केलं मी या माणसाला, ज्याला कालव्यावर जातानासुद्धा घडी लागायची.

अपील ऐकायला एक बाई अधिकारी होत्या. वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक डॉक्टर, नवा, तरुण. मी सगळं सांगितलं, तज्ज्ञ मुलीचं पत्र दिलं. बाईंनी ते वाचलं आणि तुझा कागद वर काढला.

"अम्मा, तुम्ही पत्नी. तुम्ही त्यांच्या बाजूनंच बोलणार. हे पत्र खाजगी. इथं सख्ख्या बहिणीची सही आहे. त्या तुमच्याच भाषेतल्या. त्यांनी ऐकलं, उत्तर दिलं, तीन डॉक्टरांनी पाहिलं."

मी म्हटलं, "ते पाढे आहेत. शाळकरी पोरांचे."

"आम्हाला मराठी येत नाही, अम्मा."

"म्हणूनच सांगते आहे! तुम्हाला येत नाही म्हणून काहीही संभाषण होतं का? उद्या इथं एखादा पोपट आणला..."

"आवाज खाली करा."

मी चढ्या आवाजात बोलत नव्हते. फक्त सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. मग स्वतःला आवरलं आणि म्हटलं, तीन वेगळे प्रश्न विचारा, उत्तर एकच येतं का ते पाहा. ते त्यांना पटलं.

तरुण डॉक्टरनं नाव विचारलं. अण्णा म्हणाले, "दोन दिडके तीन."

आणि थांबले. कनका, ते थांबले. पुढच्या ओळीसाठी. डॉक्टरच्या तोंडाकडे बघितलं, बाईंच्या तोंडाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. तुला शोधत होते असं मला वाटलं, पण ते मी लिहीत नाही, कारण ते मी सिद्ध करू शकत नाही. मग माझ्याकडे बघितलं.

मला ती ओळ येते. घरी मी रोज म्हणते. दूध देताना, गुडघ्याला मलम लावताना. ती म्हटली की यांचा चेहरा सैल होतो. पण काल मी ती म्हटली असती तर पुन्हा कागदावर आलं असतं, पत्नीशी संभाषण सुरळीत. म्हणून मी ओठ मिटून बसले.

डॉक्टरनं विचारलं, गाव कोणतं. "दोन दिडके तीन," जरा मोठ्यानं. विचारलं, सकाळी काय खाल्लं. "दोन दिडके तीन! दोन दिडके तीन!" आता माझ्याकडेच बघून, ओळ विसरलेलं पोर आजोबांकडे बघेल तसं. डावा हात माझ्या गुडघ्यावर आपटत होते. मी खिडकीकडे बघत राहिले. मग ते गप्प झाले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात उचलत नव्हते.

तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, मला वाटतं यांचं खरं आहे." बाई म्हणाल्या, "मलाही वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? फाईलमध्ये सही आहे. ती खोडायला सहीच लागेल." आणि त्यांनी मुदत दिली: ११ ऑगस्टला कचेरी बंद होण्याआधी बहिणीचं लेखी निवेदन, दुसऱ्या भाषेतलं असेल तर सोबत तमिळ किंवा इंग्रजी. नाही आलं तर पहिला निकाल कायम.

वेल्लोरला कसलं काम, असं तू फोनवर विचारलं होतंस आणि मी म्हटलं होतं, सोन्याचं देऊळ बघायला. तू विश्वास ठेवलास. चाळीस वर्षांत मी आपणहून कुठल्या देवळाची पायरी चढले होते? माझ्या पोटात गाठ आहे. १३ ऑगस्टला कापणार आहेत, १२ला दाखल व्हायचं. ती कसली आहे ते कापल्यावर कळेल. हे तुला सांगायचं नव्हतं, कारण दया म्हणून तू लिहून द्यावंस असं मला नको होतं. खरं आहे म्हणून द्यावंस असं वाटत होतं. आता दया म्हणून दिलंस तरी चालेल.

कालपासून अण्णा दिडकीही म्हणत नाहीत. घरी येताच मी म्हटली. पूर्ण ओळ म्हटली, पुढचीही म्हटली, बारापर्यंत म्हटली. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

कामाक्षी


तंजावर
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

कनका,

निश्चयाची मिठाई पोचली. डबा उघडून कागदाखालचा कागदही उचलून बघितला. मैसूरपाक चांगला होता. उत्तर नव्हतं.

मुलगा फोटोत बरा दिसतो. नंदितानं ती हिरवी साडी नेसायला नको होती, पण हसते आहे, मग असू दे.

भरद्वाजांना लिहिलेलं एक पत्र माझ्या टेबलावर होतं. इंग्रजीत, दोन पानं, विमा कचेरीत नोकरीला असताना मी खोटे दावे फेटाळायला लिहायचे तसलं. त्यात तुझं "आमा" होतं, तारीख होती, वेळ होती. ते गेलं असतं तर तुझं झाकलेलं सगळं एका दिवसात उघडं पडलं असतं. काल ते फाडून टाकलं. त्या पोरीनं माझं काय बिघडवलं आहे? तेव्हा आता माझ्या हातात तुला धमकावण्यासारखं काही नाही. हेही लेखी देते.

नवव्या दिवशीही अण्णा गप्प आहेत. वाचातज्ज्ञ मुलीला फोन केला. ती म्हणाली, भीतीनं असं होतं, वेळ द्या. मी विचारलं, किती. ती म्हणाली, मावशी, ते कोणी सांगू शकत नाही. पूर्वी दुसऱ्या खोलीतून दिडकी ऐकू आली की मला कळायचं ते कुठे आहेत. आता मी दर थोड्या वेळानं उठून बघते. एकदा मोरीत सापडले, दार लावून उभे, नळ सोडलेला, नुसते उभे. खरं सांगते, मला गाठीची भीती वाटत नाही. टेबलावर झोपवून तोंडावर मुखवटा ठेवतील तेव्हा हे कुठे असतील, याची वाटते.

केंद्रात मी स्वतः जाऊन आले. स्वच्छ आहे. खाटांना कठडे आहेत. तुझी जागा कोणी घेणार नाही, पण तिथल्या सेविकेला मी दिडकी शिकवून ठेवली आहे. तमिळ बाई, नाव गोमती, "दिटके" म्हणते. चालेल. ती म्हणाली, "कार्ड आणा अम्मा, मी बघते." सेक्रेटरीला विचारलं, कार्ड मागून आलं तर? तो म्हणाला, मागच्या वर्षी एकाला असंच घेतलं, तपासणीत आमचा परवाना जायची वेळ आली. त्याचंही खरं आहे. तुझ्याकडे पाठवू का, हे मी विचारत नाही. भरद्वाजांच्या माणसांची तुझ्याकडे ये-जा असणार.

वेडा, मतिमंद, डोक्याचं, असलं काही लिहायचं नाही. निवेदन इतकंच:

'१० जून रोजी मंडळासमोर माझे बंधू सूर्यनारायणराव माझ्याशी बोलत नव्हते. ते लहानपणी पाठ केलेला दिडकीचा पाढा म्हणत होते व सवयीने मी पुढच्या ओळी म्हटल्या. त्यांना समजते, परंतु झटक्यानंतर त्यांना स्वतःचा एकही शब्द बोलता येत नाही. डॉक्टरांना मी दिलेले उत्तर चुकीचे होते.'

शेवटचं वाक्य तुला जड जाईल. ते गाळलंस तर बाकीच्याचा उपयोग नाही, बाईंनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. खाली इंग्रजी मी टाईप करून जोडलं आहे, दोन्हींवर सही कर. भरद्वाज ती फाईल बघायला जाणार नाहीत, ती कलेक्टर कचेरीत राहते. गेलेच, तर नंदितासाठी मी त्यांच्या दारात जाऊन बसेन आणि मेंदूची नस म्हणजे काय ते तमिळमध्ये, चित्र काढून समजावीन. तेवढं आयुष्य मला मिळालं तर.

फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मी ओरडेन, आणि कचेरीला यातलं काही चालत नाही. शुक्रवार, ८ ऑगस्ट, दुपारी बाराच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात लेखी पडलं पाहिजे, कुरियरनं. शनिवार-रविवार कचेरी बंद, सोमवारी मी ते स्वतः नेऊन देईन, मग कार्ड त्याच दिवशी देववते असं बाईंनी सांगितलं आहे. देणार नसशील तर तेही लेखी कळव, त्याच मुदतीत. 'नाही' एवढं लिहिलंस तरी पुरे.

कारण १२ तारखेला सकाळी मला घराबाहेर पडायचं आहे, आणि त्या रात्री तुझा भाऊ कुठे झोपेल हे मला अजून माहीत नाही.

कामाक्षी